शाळेत सीसीसी सुरू करताना: आठवीच्या दिवाळीपासून नववीच्या परीक्षेपर्यंत

अनेक शाळांत संगणक कक्ष आहे, वेळापत्रकात आठवड्याला एक तासिका आहे, आणि तरीही दहावी झालेल्या मुलाला एक साधा अर्ज टाइप करून ईमेलला जोडता येत नाही. मुलांना हात चालवायला मिळालेले तास मोजले की कारण कळते. आठवड्याची एक तासिका, एका पीसीपुढे चार मुले, त्यात दोन पीसी बंद. वर्षभरात एका मुलाच्या वाट्याला धड चार तासही येत नाहीत. सीसीसी (कोर्स ऑन कॉम्प्युटर कन्सेप्ट्स) हा संगणकाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम शाळेत आणण्याचा खरा फायदा हाच, की तो तास मागतो आणि शाळेला ते द्यावे लागतात. खालची सगळी मांडणी त्या तासांभोवतीच आहे.

कोणते प्रमाणपत्र घ्यावे

महाराष्ट्रात संगणक म्हटले की पालकांच्या तोंडी पहिले नाव एमएस-सीआयटीचे येते. राज्य शासनाच्या नोकरभरतीत संगणक अर्हता म्हणून ते चालते. त्याच जाहिरातींत त्याच्या शेजारी डीओईएसीसीच्या सीसीसीचेही नाव असते. डीओईएसीसी म्हणजेच आजची नाइलिट, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था. २०११ मध्ये नाव बदलले, पण जाहिरातींत जुने नाव अजून टिकून आहे. हे पालकसभेत आवर्जून सांगा, नाहीतर 'हे कुठले नवीन?' हा प्रश्न वर्षभर येत राहतो.

शाळेसाठी सीसीसी सोयीचे, असे आमचे मत आहे. शैक्षणिक पात्रतेची अट नाही, त्यामुळे नववीतले मूलही परीक्षेला बसू शकते. अभ्यासक्रम ८० तासांचा ठरलेला आहे: २५ तास शिकवणे, ५ तास शंकासमाधान, ५० तास प्रात्यक्षिक. परीक्षा शुल्क ५०० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. पैसे गोळा करण्याआधी त्या महिन्याच्या अर्जावर दिसणारा आकडा पाहून घ्या. शिवाय अभ्यासक्रम लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरवर बेतलेला असल्याने सॉफ्टवेअरच्या परवान्यावर शाळेचा एक रुपयाही जात नाही.

दोन गैरसमज आधीच दूर करा. सीसीसी म्हणजे टायपिंगचे प्रमाणपत्र नव्हे. लिपिकपदासाठी लागणारी ३० किंवा ४० शब्द प्रतिमिनिटाची परीक्षा राज्य परीक्षा परिषद वेगळी घेते. आणि 'शासनमान्य' अशी मोठी अक्षरे छापून गल्लोगल्ली मिळणारी खासगी प्रमाणपत्रे भरतीच्या छाननीत टिकतीलच असे नाही. मुलांचे पैसे त्यांत घालू नका.

शाळेसमोर दोन वाटा आहेत. नाइलिटकडून शाळेसाठी स्वतंत्र ओळख क्रमांक घेऊन आपल्या विद्यार्थ्यांचे अर्ज शाळेमार्फत भरायचे, किंवा मुलांचे अर्ज थेट उमेदवार म्हणून भरायचे. पहिल्या वर्षी दुसरी वाट धरा. परीक्षा तीच, प्रमाणपत्रही तेच, आणि तुमचा वेळ कागदपत्रांत न जाता वर्गात जातो. एक तुकडी पार पडली की ओळख क्रमांकाच्या मागे लागा.

तासांचे गणित

८० तास म्हणजे ४,८०० मिनिटे. ३५ मिनिटांची तासिका धरली तर १३७ तासिका होतात. आठवड्याला चार तासिका धरल्या तर साधारण ३५ आठवडे लागतात. जूनमध्ये नववीला सुरुवात केली तर हे मार्च-एप्रिलपर्यंत जाते, तिथे वार्षिक परीक्षा आडवी येते, मग सुट्टीत मुले गावी जातात आणि जूनमध्ये दहावीचे जादा तास सुरू होतात. बऱ्याच शाळांचा उपक्रम इथेच बसतो.

म्हणून आठवीच्या दिवाळीनंतर सुरुवात करा. नोव्हेंबर ते एप्रिल साधारण २० आठवडे मिळतात, नववीच्या पहिल्या सत्रात आणखी १६. गणपती आणि स्नेहसंमेलनाचे दिवस वजा जाता काम निभते. सीसीसीची परीक्षा दर महिन्याला असते आणि अर्ज भरल्यापासून परीक्षेपर्यंत साधारण तीन महिने जातात. ऑक्टोबरमध्ये अर्ज भरला तर परीक्षा जानेवारीत येते, आणि नववीच्या मुलांचा तो महिना मोकळाच असतो.

चार सुट्या तासिका घेऊ नका, दोन जोडतासिका घ्या. सुट्या तासिकेत वर्गातून कक्षात येणे, चपला काढणे, पीसी सुरू होणे यात दहा मिनिटे जातात, शेवटची पाच बंद करण्यात. हाती उरतात वीस. जोडतासिकेत पूर्ण ५५ मिनिटे मिळतात. मुख्याध्यापकांकडून एवढी एक गोष्ट मिळवली तरी निम्मी लढाई झाली.

कक्षाची तयारी

४० मुलांच्या तुकडीसाठी २० पीसी. एका पीसीवर दोन मुले चालतात, किंबहुना चांगली चालतात: एक करतो, दुसरा बघून चूक दाखवतो, आणि दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल होते. तिसरा बसवला की तो फक्त प्रेक्षक होतो. दहाच पीसी असतील तर तुकडी निम्मी करा. अर्धी मुले ग्रंथालयात, अर्धी कक्षात, आणि अभ्यासक्रमाची मुदत त्या हिशेबाने वाढवा.

जुने पीसी भंगारात काढायची घाई नको. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी २४० जीबीची एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवली आणि रॅम ८ जीबी केली की आठ-दहा वर्षांचा पीसीही या अभ्यासक्रमाला पुरून उरतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून आधार देणे थांबवले, आणि जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. म्हणून अशा पीसींवर उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. नवे विंडोज चालणारे दोन-तीन पीसी मात्र तसेच राहू द्या, कारण मुलांनी दोन्ही प्रणाली पाहिलेल्या हव्यात. उबुंटूची फाइल काही जीबींची असते. ती एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवरून सगळीकडे टाका, वीस वेळा उतरवत बसू नका.

विजेकडे फार लक्ष द्या. २० पीसी मिळून अडीच-तीन किलोवॅटचा भार होतो. त्याला मुख्य बोर्डावरून स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे बटण) हवा, पंखे आणि पाण्याची मोटर त्यावर नको. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर अर्थिंग कच्चे आहे. अशा कक्षात पीसीच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात आणि पॉवर सप्लाय एकापाठोपाठ एक जातात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचे काम कोणाचे, हेही ठरवून टाका. प्रत्येक पीसीला ६०० व्हीएचा यूपीएस लावला तर वीज गेल्यावर काम जतन करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो, आणि एवढेच त्याचे काम आहे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च अंदाजपत्रकात दरवर्षी थोडा थोडा धरा.

एक बिघाड जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तो नवख्याला दिवसभर फिरवतो. सकाळी अकरा नंबरच्या पीसीवर इंटरनेट 'चालत नाही'. केबल ठीक, दिवा लुकलुकतो, शेजारच्या पीसीवर सगळे उघडते. या पीसीवर मात्र कोणतेही संकेतस्थळ उघडले की 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. तिथे कित्येक वर्षांपूर्वीचा जानेवारी दिसतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे, वीज गेली की पीसी आपली तारीख विसरतो, आणि त्या जुन्या तारखेला आजची सुरक्षा-प्रमाणपत्रे वैध ठरत नाहीत. तीस-चाळीस रुपयांचा सेल, दोन मिनिटांचे काम. असे पाच सेल कपाटात ठेवाच.

प्रत्येक पीसीवर ठळक क्रमांक चिकटवा आणि जोड्यांच्या जागा कायम ठेवा. रोज तीच जोडी त्याच पीसीवर बसली की बिघाड पहिल्या मिनिटाला कळतो आणि 'आमचा पीसी' म्हणून मुले जपतातही. दाराशी एक बिघाड-नोंदवही टांगा: तारीख, पीसी क्रमांक, काय झाले, कधी दुरुस्त झाले. मुलांच्या खात्यांना प्रशासकाचे अधिकार देऊ नका.

शिकवणाऱ्याची तयारी

जो शिक्षक शिकवणार त्याने आधी स्वतः सीसीसी द्यावे. अर्ज कसा भरतात, पडद्यावर प्रश्न कसे येतात, केंद्रावर काय तपासतात, हे सगळे त्यातून कळते. शक्य असेल तर दोघांनी द्यावे. एकट्यावर चाललेला उपक्रम त्याची बदली झाली, प्रसूती रजा आली किंवा निवडणुकीचे काम लागले की तिथेच थांबतो.

८० तासांची वाटणी

संगणकाची ओळख ६ तास, ऑपरेटिंग सिस्टिम ८, लिबरऑफिसमधले रायटर (लेखन) १४, कॅल्क (तक्ते आणि हिशेब) १८, इम्प्रेस (सादरीकरण) ८, इंटरनेट ८, ईमेल, समाजमाध्यमे आणि ई-शासन ८, डिजिटल आर्थिक साधने ५, नवी तंत्रज्ञाने आणि सायबर सुरक्षा ५. ही आमची वाटणी आहे. तुमच्या मुलांप्रमाणे दोन-चार तास इकडेतिकडे करा, पण कॅल्कचे कमी करू नका. ओळखीच्या धड्यात तर मुळीच रेंगाळू नका. संगणकाच्या पिढ्या पाठ करण्यात महिना घालवला की मुलांचा उत्साह तिथेच मावळतो.

मेनू इंग्रजीतच ठेवा. लिबरऑफिस मराठीतही मिळते, पण परीक्षेतले शब्द इंग्रजी असतात. त्यावर सोपा उपाय: दर आठवड्याला दहा इंग्रजी शब्द फळ्याच्या कोपऱ्यात मराठी अर्थासह लिहा आणि आठवडाभर पुसू नका. सेव्ह आणि सेव्ह ॲज यांतला फरक ज्याला कळला त्याचे बरेच काम झाले.

अभ्यासक्रमाला धरून नसले तरी पहिल्याच महिन्यात इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी टायपिंगची कीबोर्ड रचना, शिकवा. मुलांना आपले नाव मराठीत पडद्यावर उमटलेले पाहायचे असते, आणि ती गोडी पुढे फार कामाला येते. रचना सोपी आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. 'शाळा' लिहायला शिफ्ट धरून एम म्हणजे श, मग ई म्हणजे काना, शिफ्ट धरून एन म्हणजे ळ, पुन्हा ई. जोडाक्षराची किल्ली डी: के, डी, जे दाबले की 'क्र' होतो. जसा उच्चार तसा क्रम, फक्त पहिली वेलांटीही अक्षरानंतरच दाबायची. मुले नेमकी इथे चुकतात, कारण हाताने लिहिताना ती आधी काढतात. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या पीसीवर इंग्रजी अक्षरांची खिचडी का दिसतो, हेही याच तासाला दाखवा आणि सगळे काम युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही पीसीवर सारखे दिसणाऱ्या अक्षरांतच, करून घ्या.

कॅल्क शिकवताना पुस्तकातली 'सेल्स रिपोर्ट'ची उदाहरणे बाजूला ठेवा. शाळेतलेच काम घ्या. पोषण आहाराचा तक्ता उत्तम. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्य. पहिल्या स्तंभात तारीख, दुसऱ्यात हजर मुले, तिसऱ्यात लागणारे तांदूळ, आणि बाजूला एफ१ या चौकटीत ०.१५ हा दर. तिसऱ्या स्तंभातले सूत्र: बी२ गुणिले एफ१. बेचाळीस मुलांना ६.३ किलो, उत्तर बरोबर. आता सूत्र खाली ओढायला सांगा. पुढच्या ओळीपासून सगळीकडे शून्य! वर्गात गलका होतो, होऊ द्या. मग तिसऱ्या ओळीतले सूत्र उघडून दाखवा. तिथे एफ१ चे एफ२ झालेले असते, आणि एफ२ रिकामी. एफ आणि १ या दोघांच्या आधी डॉलरचे चिन्ह घातले की दर जागेवर खिळतो. ही गोष्ट व्याख्येने कळत नाही, त्या शून्यांनी कळते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चौकटीत '४२ मुले' असे लिहिणे. आकड्यासोबत अक्षर आले की तो मजकूर होतो आणि गुणाकाराच्या जागी त्रुटी दिसते. एकक स्तंभाच्या मथळ्यात लिहायचे, चौकटीत फक्त आकडा.

एक्सेल येणाऱ्या शिक्षकांनी फरक जपून शिकवावेत. दुसऱ्या पानावरची चौकट सांगताना एक्सेलमध्ये उद्गारचिन्ह लागते, कॅल्कमध्ये पूर्णविराम. रायटरमध्ये घातांकाची खूण कंट्रोल, शिफ्ट, पी अशी आहे, वर्डमध्ये वेगळी. बाजारातल्या प्रश्नसंचांवर डोळे झाकून भरवसा नको. बऱ्याच संचांत कॅल्कचे १,०२४ स्तंभ छापलेले असतात. २०२२ च्या ७.४ आवृत्तीपासून ते १६,३८४ झाले आहेत. मुलांना शेवटच्या स्तंभापर्यंत जाऊन स्वतः पाहायला लावा आणि दोन्ही आकडे का आढळतात तेही सांगा.

आर्थिक साधनांच्या धड्यात खरे व्यवहार करू नका, पडद्यावरची चित्रे पुरेत. पण एक वाक्य प्रत्येकाकडून वदवून घ्या: पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झाल्यास १९३० हा क्रमांक फळ्यावर कायम असू द्या. हा धडा घरी जाऊन आईवडिलांना सांगणे, हाच त्याचा गृहपाठ.

अर्ज भरताना

सर्वात जास्त घोळ नावात होतो. जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले, कुठे जन्मतारखेत फक्त वर्ष. जुलैमध्येच सगळ्यांची आधार कार्डे मागवून रजिस्टरशी ताडून पाहा. दुरुस्तीला वेळ लागतो, ऑक्टोबरमध्ये धावपळ करून होत नाही.

फोटो, सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा यांच्या जेपीजी फाइल लागतात, प्रत्येकी ५ ते ५० केबींच्या आत. फोनवर काढलेला फोटो दोन-चार एमबींचा असतो, तो तसाच चढवू गेले की अर्ज नाकारला जातो. फाइल लहान करणे मुलांकडूनच करून घ्या, तेही शिक्षणच आहे. ठसा शाईच्या पॅडने पांढऱ्या कागदावर घ्या, पेनच्या शाईने नको, रेषा मिटतात. मोबाइल क्रमांक पालकांचा, चालू असलेला आणि परीक्षेपर्यंत बदलणार नाही असा. ओटीपी येतो तेव्हा तो फोन शेतात किंवा कंपनीत असतो, म्हणून अर्जाचा दिवस पालकांना आधी कळवा. ईमेल खाते काढताना मुलाचे वय १३ पूर्ण आहे का ते पाहा. नसेल तर पालकांचे खाते वापरा. विद्यार्थी १८ वर्षांखालील असल्याने माहिती भरण्यासाठी पालकांची लेखी संमती घेऊन फाइलला लावा. भरलेले शुल्क परत मिळत नाही, हे त्याच संमतीपत्रात लिहिलेले असू द्या.

परीक्षा

पडद्यावर १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. उत्तीर्ण व्हायला ५० गुण. ५० ते ५४ ला डी श्रेणी, ५५ पासून सी, ६५ पासून बी, ७५ पासून ए आणि ८५ पासून एस.

शेवटच्या तीन आठवड्यांत दोन पूर्ण सराव परीक्षा घ्या, पडद्यावर आणि घड्याळ लावून. पहिल्या फेरीत येणारे प्रश्न सोडवायचे, अडले ते खूण करून पुढे जायचे. मराठी माध्यमाची मुले घाईत 'नॉट' हा शब्द वाचतच नाहीत आणि नेमके उलटे उत्तर देतात. सराव प्रश्नपत्रिकेत असे दहा प्रश्न मुद्दाम घाला. तीन आठवड्यांआधी मात्र प्रश्नसंच बाहेर काढू नका. एकदा पाठांतर सुरू झाले की कीबोर्डला कोणी हात लावत नाही.

प्रवेशपत्र आले की केंद्र आणि वेळ पाहा. एकाच शाळेच्या मुलांना वेगवेगळ्या वेळा मिळू शकतात. केंद्र बहुधा शहरात असते, तेव्हा एसटीची वेळ, सोबत जाणारे शिक्षक आणि मुली असतील तर शिक्षिका आधीच नेमा. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ आधार कार्ड शिक्षकाच्या पिशवीत आदल्या दिवशीच एकत्र करा. मुलांकडे सोपवले की एखादे घरी राहतेच.

निकालानंतर

प्रमाणपत्र डिजिटल असते, संकेतस्थळावरून उतरवायचे. उतरवल्यावर नावातले प्रत्येक अक्षर तपासा, एक प्रत शाळेच्या हार्ड डिस्कवर आणि एक मुलाच्या ईमेलवर ठेवा. दहावीनंतर मूल शाळा सोडते, फोन बदलतो, आणि चार वर्षांनी भरतीच्या अर्जाला तेच प्रमाणपत्र शोधत शाळेच्या दारात येते. त्यासाठी वर्षवार यादी करून क्रमांक लिहून ठेवा.

जो उत्तीर्ण झाला नाही त्याचा अर्ज पालकांशी बोलून पुढच्याच महिन्यात भरा. त्याला पुन्हा ८० तास नकोत. कोणत्या भागात गुण गेले ते त्याला विचारून त्या भागाच्या जोडतासिकांना खालच्या तुकडीबरोबर बसू द्या, आणि पीसी त्याचा पूर्वीचाच द्या.